तेरात तीन

सर आधी माणसाचे हात बघायचे, मग तोंड. तुमची ओळख करून दिली असती तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस आपल्या अंगठ्या मोजतोय की काय. मी कॉलेजात मराठी शिकवायला नवीनच लागले होते, आणि हे प्राणिशास्त्राचे. स्टाफरूममध्ये मी नमस्काराला हात जोडले, तर हे गृहस्थ माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "वा, छान." घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तुमच्या वर्ध्याचे लोक जरा चमत्कारिकच दिसतात.

पुढच्या वर्षी आम्ही बोरगाव मेघ्याला राहायला गेलो आणि शेजारी नेमके हेच निघाले. मध्ये कमरेएवढी भिंत. सडपातळ अंग, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट आणि तोंडात सतत एक शब्द : "धरू." एसटी वेळेवर येईल का? "येईल असं धरू." आज नळाला पाणी येणार का? "येणार असं धरू, पण हंडा भरून ठेवा." मी वैतागायचे. अहो, एकदा तरी होय किंवा नाही म्हणा की. ते हसायचे आणि म्हणायचे, "होय आणि नाही ही दोन टोकं झाली, मॅडम. आपण सगळे मधेच कुठेतरी राहतो."

"काही सांगता येत नाही" हे वाक्य तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "किती सांगता येत नाही?" ते लगेच विचारायचे. एकदा प्राचार्य परीक्षेच्या तारखांबद्दल तसं म्हणाले आणि सरांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "पण सर, किती सांगता येत नाही?" प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो, हसू आवरता आवरेना.

मी म्हणायचे, विक्षिप्त आहे झालं, असतात अशी माणसं. मग एका शनिवारी त्यांचा मोठा भाऊ आला.

ते रोहण्याला शेती करायचे. तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं खांद्यावरून उतरवताना मी त्यांचे हात पाहिले. मधली बोटं नव्हतीच. तळहात मधोमध खोल चिरलेला आणि दोन्ही बाजूंना एकेक जाड बोट, सांडशीसारखं. दोन्ही हात तसेच. मी बघत राहिले असणार, कारण त्यांनीच मला सोडवलं. "पाह्यून घ्या बाई," ते म्हणाले. "एकदा पाह्यलं का मंग सवय होते." त्याच हातांनी त्यांनी पोत्याची गाठ अशी झटक्यात सोडली की तशी मला दहा बोटांनी सुटली नसती. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या घराचा नियमच होता. असा हात असेल त्यानं लग्न करायचं नाही, चांगला हात असेल त्यानं खुशाल करायचं.

सरांची आई त्यांच्याजवळच राहायची. लहानखुरी, गोरी, कपाळावर कुंकू नसलेली, म्हणजे विधवा. माझ्याशी बोलायला लागायला त्यांना वर्ष लागलं. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच महिन्यात टिपली. त्या विळीला शिवत नसत. भेंडी हातानं मोडायच्या, वांगं दगडी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडायच्या. कोहळा आणला तर सर चिरून द्यायचे. मी एकदा फटकन विचारलं, आई, तुम्हाला विळीची भीती वाटते का हो? त्या उठून आत गेल्या.

त्या संध्याकाळी सरांनी भिंतीपाशी येऊन सगळं सांगितलं.

मोठा मुलगा झाला तेव्हा सुईणीनं फडकं बाजूला केलं आणि आत्या, म्हणजे सरांच्या वडिलांची बहीण, तिथल्या तिथं बोलली, "गिरानात विळीवर बसली असन." गिरान म्हणजे ग्रहण. पोटुशी बाई ग्रहणात चिरायला बसली की मूल चिरलेलं निघतं, हे तिकडे कुणाला सांगावं लागत नाही. आई म्हणाली, नाही बसले. सासरचे म्हणाले, मग हात असा कसा? नवऱ्याचा हात तर चांगला आहे. दुसरं कुणी उरलंच नाही. पहिली काही वर्षं ती नाही म्हणत राहिली. मग आठवत नाही म्हणायला लागली. मग गप्पच झाली आणि विळी सोडली.

"आणि तुमचे आजोबा?" मी विचारलं. कारण बोलता बोलता ते म्हणून गेले होते की आजोबांचा हातही अधू होता.

"आजोबांचा हात जिनमध्ये गेला, असं घरात सांगायचे." म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात. या भागात कापूस घरोघर, त्यामुळे असा अपघात सगळ्यांना पटतो; नियम असून आजोबांचं लग्नही तेच सांगून जमलं होतं. आजोबा उपरण्याखाली हात ठेवायचे, आणि सासऱ्याकडे मान वर करून पाहायची सुनेला रीत नव्हती. सर कॉलेजात असताना गावातल्या म्हाताऱ्या न्हाव्याला त्यांनी विचारलं. न्हावी आजोबांच्या बरोबरीचा. तो म्हणाला, "कायचा जिन? आमी लहान होतो तवापासून दोन्ही हात तसेच."

दोन्ही हात, एकसारखे. यंत्राला एवढी टापटीप कुठून सुचली, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

"म्हणजे आजोबांकडून बाबांकडे आलं," सर म्हणाले, "बाबांकडून दादाकडे. बाबांच्या अंगात होतं, फक्त हातात उतरलं नाही. काही जणांत उतरतच नाही. घराण्यानं काय केलं, तर चांगला हात बघून लग्नं लावली आणि समजले की घर स्वच्छ झालं." मग म्हणाले, "आईला यातून सोडवायचं आहे मला. बाकी काही नाही केलं आयुष्यात तरी चालेल."

मी विचारलं, "आणि तुम्ही?" त्यांचे हात चांगले होते, खडूनं पांढरे झालेले, लांब बोटांचे. तरी विचारलं.

त्यांनी भिंतीवर दहा चिंचोके मांडले, शेजारी दहा शेंगदाणे. ते खिशात घेऊन हिंडत होते की काय, देव जाणे. "हे वीस जण म्हणजे मीच. जन्मायच्या आधीचा मी. बाबांच्या अंगात होतं, तेव्हा मला येण्याची शक्यता निम्मी. चिंचोके म्हणजे आलं, शेंगदाणे म्हणजे नाही आलं. आता ज्यांच्या अंगात आलं, त्यातल्या दहात सातांच्या हातात उतरतं असं धरू. माझ्या हातात उतरलेलं नाही हे तर तुम्ही बघताच. म्हणून हे सात काढा." सात चिंचोके त्यांनी खाली टाकले. "राहिले तेरा. त्यात चिंचोके तीन. तेरात तीन, मॅडम. मी तेरात तीन आहे."

ऐकता ऐकता मी सवयीनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. सर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही माझा धोका वाढवलात," म्हणाले. "आता बारात तीन." मग आम्ही दोघंही हसलो. पण नंतर बराच वेळ मी त्या तीन चिंचोक्यांकडे बघत होते. चांगले हात असून हा माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवू शकत नव्हता.

लग्नाचंही तेच. मुलगी बघायला गेले की पोहे येण्याआधी सर भावाच्या हाताची गोष्ट सांगायचे आणि मग तेरात तीन. स्टाफरूममध्ये टवाळ लोक म्हणायचे, सरांनी स्वतःच्या लग्नाचे तीनतेरा वाजवले. आईला त्रास व्हायचा. "दादाचं सांग, बाप्पा, पन तुह्यं काऊन सांगतं? तुह्यं तं काई झालंच नाई." दोन-तीन ठिकाणांहून "कळवतो" असं उत्तर आलं आणि पुढं कुणी कळवलं नाही.

तळेगावची मुलगी मात्र वेगळी निघाली. शेतकऱ्याघरची, मॅट्रिक झालेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वडील काही बोलायच्या आत म्हणाली, "म्हंजे तेरात दहा चांगलंच हाय ना?" सर परत आले ते भिंतीशी उभं राहून मला हे वाक्य परत परत सांगत होते. इतकी वर्षं त्या तेराकडे ते फक्त एकाच बाजूनं बघत आले होते.

ऐंशी साली फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण आलं, आणि सरांची बायको सहाव्या महिन्यात होती.

महिनाभर आधीपासून त्या घरातली हवा बदलली. रोहण्याहून आत्या आल्या, पहारा द्यायला. मोठ्या अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा भाऊ जाऊन वर्षं झाली होती, पण या घरावरचा त्यांचा हक्क तसाच होता. ग्रहण सुटेपर्यंत सुनेनं आतल्या खोलीत, दार लावून, हातपाय न हलवता बसायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

सर भिंतीपाशी आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "अहो बसू द्या ना दोन-तीन तास. तेवढीच विश्रांती."

"तुमच्या लक्षात येत नाही, मॅडम. बोटं दुसऱ्या महिन्यातच होऊन गेली आहेत. आत जे आहे ते आहे. हात तसा असण्याची शक्यता शंभरात आठ धरू. पण ही आत बसली आणि मूल चांगलं निघालं, तर सगळे काय म्हणतील? पाळलं म्हणून चांगलं निघालं. म्हणजे आईनं पाळलं नव्हतं. आणि नाही बसली आणि ते शंभरातले आठ निघाले, तर आईचं जे झालं ते हिचं होणार. जन्मभर."

बसली तर आई अडकत होती, नाही बसली तर बायको. आणि मधे हा माणूस, ज्याला सगळं माहीत होतं आणि ज्याच्या माहितीचा कुणालाच उपयोग नव्हता.

बायको धीट होती. ती म्हणाली, "मी अंगणात विळी घेऊन बसते. सगळ्या गावासमोर वांगे चिरते. आठच तं हाय ना शंभरात? आई तं सुटतीन." खरं सांगते, मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटले. सर हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. ग्रहणाच्या सकाळपर्यंत त्यांचं ठरत नव्हतं.

दुपारी कॉलेजची पोरं मैदानात जुन्या एक्स-रेच्या फिल्म घेऊन जमली होती. रस्ते ओस. मी विज्ञानाची नाही, आणि खोटं कशाला बोलू, मी घरात पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान टाकून ठेवलं होतं. ऊन पिवळट व्हायला लागलं तसं भिंतीपलीकडे बघितलं. सरांची बायको खरोखरच अंगणात पाट मांडून, विळी घेऊन बसायला निघाली होती. आत्या ओरडत होत्या. सर ओट्याच्या खांबाला धरून उभे होते.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. त्या बाईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा विळीला हात लावला. सुनेच्या हातातून घेतली, तिला दंडाला धरून आत नेलं, दार ओढून कडी घातली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. "माह्या सुनेले कोनी बोलाचं नाई," म्हणाल्या. "आता नाई अन् मंग बी नाई." आपण स्वतःवरच दार लावून घेतोय हे त्यांना कळत होतं का? मला वाटतं कळत होतं. सर खांबापासून हलले नाहीत. अंधारून आलं, झाडावरचे कावळे ओरडून गप्प झाले, पुन्हा उजाडलं, तरी दोघं तिथेच.

मे महिन्यात मुलगी झाली. वर्ध्याचा मे, दवाखान्याच्या भिंतीसुद्धा तापलेल्या. सरांनी दुपट्यातून एक हात काढला, मग दुसरा, मग पाय. बोटं वीसच्या वीस. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. माझ्या नवऱ्यानं त्यांना पाणी दिलं. जरा सावरल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "मॅडम, हिनं माझा पण धोका कमी केला." मुलगी चांगली निघाली म्हणजे बाप चिंचोका असण्याची शक्यताही थोडी उतरली, असा तो हिशोब. मी म्हटलं, अहो, आज तरी तिला नुसतं घ्या हो.

आत्या बारशाला पेढे वाटत होत्या. "पाह्य वयनी," सगळ्या बायकांत त्या म्हणाल्या. "नीट बसोलं तं हात नीट आले. तवा ऐकलं असतं तं माह्या भाच्याचे दिवस असे नसते गेले." आईंनी मान हलवली. वाद घातला नाही, डोळे पुसले नाहीत, फक्त मान हलवली.

सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते आईला ओट्यावर घेऊन बसले. मी भिंतीच्या अलीकडे तूरडाळ निवडत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. घरात सर वऱ्हाडी बोलायचे. त्यांनी चिंचोके मांडले, शेंगदाणे मांडले, आजोबा, बाबा, दादा, सगळं सांगितलं. न्हाव्याचंही सांगितलं. "तुह्या हातून काईच झालं नाई, आई. तुले सातव्या महिन्यात गिरान लागलं. दादाचे हात तवा होऊन गेलते."

आईंनी शांतपणे ऐकलं. मांडीवर नात झोपली होती.

"असं पाह्य बाबू," त्या म्हणाल्या. "तुह्या हिशोबानं हे पोट्टीच्या अंगात बी असू शकते."

"शंभरात चार बी नाई, आई."

"पन असू शकते."

"हव."

"अन् म्या चिरलं असन तं?"

सरांनी हातातला चिंचोका खाली ठेवला.

"तं ते माह्यापाशीच राह्यलं. माह्यासंगं जाईन." त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "मंग म्याच चिरलं."

माझी डाळ सुपात तशीच राहिली. मला त्या बाईचा राग आला, आत्यांचा आला, सरांच्या त्या चिंचोक्यांचाही आला. सरांनी सगळे दाणे गोळा केले आणि आत गेले. ज्या तुरुंगातून आईला काढायला हा माणूस एवढं शिकला, त्याला तिनं आतून कडी घालून घेतली होती, आणि ती कशासाठी ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार.

त्यानंतरही सर भिंतीपाशी यायचे, नळाचं, एसटीचं बोलायचे. स्टाफरूममध्ये कुणी "काही सांगता येत नाही" म्हटलं, तर ऐकून घ्यायचे. दुसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही. बायकोला हवं होतं. ती मला एकदा म्हणाली, "मॅडम, यायले तेरात दहा कदी दिसलेच नाई." आणि पदरानं तोंड पुसून पाणी भरायला गेली.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास आई गेल्या. तेरवी रोहण्याला होती. आम्ही दोघं एसटीनं गेलो. अंगणात कापड बांधून पंगती बसल्या होत्या. बायकांच्या पंगतीत आत्या, आता पुष्कळ थकलेल्या, पण आवाज तोच. शेजारी तळेगावकडच्या, आर्वीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या बायका. सरांची मुलगी त्यांच्यामध्येच बसली होती, पत्रावळीवरचं मीठ बोटानं चाखत. एक बाई तिला कौतुकानं विचारत होती, कितवीत आहेस.

सर वरणाची बादली घेऊन वाढत होते.

"वयनी माणूस चांगलं होतं," आत्या सगळ्यांना सांगत होत्या. "जनमात एकच चूक केली. पन सुनेकडून नीट करून घेतलं, म्हून ही पोट्टी अशी निंघाली. आमच्या घराण्यात तसलं काई नाई." मग मान वर करून म्हणाल्या, "काऊन रे बाबू, बराबर हाय ना?"

सर थांबले. मला वाटलं, आता हा माणूस बादली खाली ठेवणार आणि बोलणार. मीच बोलायला तोंड उघडलं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, जिन, न्हावी, चिंचोके. त्यांनी माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. मग मुलीकडे पाहिलं. पंगतीतल्या बायका उत्तराची वाट बघत होत्या. त्यातल्या कुणाच्या घरात दहा-बारा वर्षांनी हिची सोयरीक जाणार होती.

"हव," सर म्हणाले. "आईचीच चूक होती."

आणि पुढच्या पत्रावळीवर वरण वाढायला वाकले.